ॲपवर पैसा घालण्याआधी कल्पना कशी तपासावी: मेसच्या खाड्याचं उदाहरण

पुण्यात सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली कॉट बेसिसवर राहतात, दिवसभर अभ्यासिकेत बसतात आणि महिन्याच्या मेसवर जेवतात. तिथे एका गोष्टीवरून रोज कुरबुर होते, ती म्हणजे खाडा. मुलगा गावी गेला, आजारी पडला किंवा मित्राकडे जेवला, तर त्या दिवसाचे पैसे वजा व्हावेत असं त्याला वाटतं. बऱ्याच मेसमध्ये मात्र सलग तीन-चार दिवसांचा खाडा आधी सांगितला तरच धरतात. मग कुणाच्या तरी डोक्यात येतं: आदल्या रात्री मोबाइलवर खाडा टाकायचा आणि तेवढे पैसे आपोआप वजा, असं ॲप काढलं तर?

मित्र म्हणतात, भारी आहे. डेव्हलपर ४ लाखांचं कोटेशन देतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ४ लाख ७२ हजार. हा चेक फाडण्याआधीचे सहा आठवडे कसे वापरायचे, ते या लेखात आहे. खर्च दहा हजारांच्या आत राहतो. खाड्याच्या जागी तुमची कल्पना ठेवा, रीत तीच राहते.

आधी कागदावर: दुखतं कुणाला, पैसे कोण देणार

कोऱ्या कागदावर चार ओळी लिहा. त्रास कुणाला होतो? किती वेळा होतो? आज तो माणूस त्यावर काय करतो? पैसे कुणाच्या खिशातून येणार?

खाड्याच्या बाबतीत इथेच गाठ दिसते. त्रास विद्यार्थ्याला होतो, पण ॲप घ्यायचं आहे मेसवाल्या काकूंनी. न धरलेल्या खाड्यात तर काकूंचे चार पैसे वाचतात. एकाचं दुखणं आणि दुसऱ्याचा खिसा अशी रचना असली की कल्पना बहुतेक वेळा तिथेच अडते. म्हणून ‘काकू यासाठी पैसे का देतील?’ हा प्रश्न सगळ्यात वर लिहा.

मग कल्पना खरी ठरायला जे जे खरं असावं लागेल, त्याची यादी करा. मुलं आदल्या रात्री आठवणीनं खाडा टाकतील. काकू सकाळी मोबाइल बघतील. दहा मिनिटांच्या अंतरात पुरेशा मेस असतील. यातलं कुठलं गृहीतक खोटं निघालं तर सगळं कोसळतं, त्यावर खूण करा आणि तपासणी तिथूनच सुरू करा. नवखी माणसं नेमकं उलट करतात. नाव ठरवणं, लोगो काढणं, डोमेन घेणं ही सोपी कामं आधी होतात आणि अवघड प्रश्न पैसे गेल्यावर समोर येतो.

त्याच कागदावर पास होण्याची रेघही आखा. उदाहरणार्थ: ‘दहापैकी तीन मेसनी पुढच्या महिन्याचे ३०० रुपये आगाऊ दिले तर पुढे जायचं, नाहीतर थांबायचं.’ खाली तारीख घाला आणि फोटो काढून एखाद्या स्पष्टवक्त्या मित्राला पाठवा. निकाल हातात आल्यावर रेघ आखली तर ती हमखास आपल्या सोयीनं सरकते.

बाजारात काय आहे ते बघा, पण दोन दिवसांत संपवा

प्ले स्टोअरवर इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत शोधा. सापडलेल्या प्रत्येक ॲपची शेवटच्या अपडेटची तारीख आणि डाउनलोडचा आकडा टिपा. मग एक, दोन आणि तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचा. पाच ताऱ्यांचे बरेचदा ओळखीपाळखीतले असतात, तीन ताऱ्यांत मात्र माणूस नेमकं काय अडतंय ते सांगतो. दोन-तीन वर्षं अपडेट न झालेली चार ॲप दिसली तर खूश होऊ नका. स्पर्धा नाही, एवढाच त्याचा अर्थ होत नाही. तिथे आधी कुणीतरी पैसे घालून थांबलेलं आहे आणि ते का थांबले हे तुम्हाला शोधायचं आहे.

खरा प्रतिस्पर्धी बहुतेक वेळा ॲप नसतोच. इथे तो म्हणजे चौकोनांचं मेस कार्ड (प्रत्येक ताटाला एका चौकोनावर खूण), भिंतीला टांगलेली वही आणि व्हॉट्सॲपचा ग्रुप. त्यांना खर्च शून्य येतो आणि त्यांची सवय अंगवळणी पडलेली असते.

बोलणं: दहा मेस, पंधरा विद्यार्थी

मेसवर दुपारी बारा ते अडीच आणि संध्याकाळी सातनंतर जाऊ नका. साडेतीन ते पाच ही वेळ बरी. भांडी घासून झालेली असतात आणि रात्रीची भाजी चिरत काकू बोलतात. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, त्यामुळे रविवार सोडा. गणपती, दिवाळी आणि परीक्षेचा आठवडाही टाळा. तेव्हा मुलं एकदम गावी जातात किंवा कुठेच जात नाहीत, त्यामुळे दिसणारं चित्र नेहमीचं नसतं.

कल्पना सांगून सुरुवात करू नका. ‘असं ॲप आलं तर वापराल का?’ या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे ‘हो, चांगलं आहे की, करा’ असंच येतं. दारात आलेल्या मुलाचं मन कोण मोडेल? आजवर काय घडलं ते विचारा:

‘काकू, काल दुपारी किती ताटं धरली होती? प्रत्यक्षात किती लागली?’
‘उरलेल्याचं काय केलंत?’
‘मागच्या महिन्यात खाड्यावरून कुणाशी वाद झाला का? शेवटी काय ठरलं?’
‘हे सोपं व्हावं म्हणून आजवर काही करून पाहिलंत का? त्याला किती पैसे लागले?’

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्या त्रासावर माणसानं आजवर ना वेळ घातला ना पैसा, त्या त्रासासाठी तो उद्या तुमचं ॲप विकत घेईल याची शक्यता फार कमी. उत्तर आलं की थोडं गप्प बसा, पुढचं खरं बोलणं त्या शांततेतून येतं. नोंदी त्याच संध्याकाळी लिहा आणि शक्यतो समोरच्याच्या शब्दांत. ‘बघू’, ‘तयार झालं की सांगा’, ‘माझ्या भाच्याला आवडेल’ ही तिन्ही उत्तरं वहीत ‘नाही’ याच रकान्यात घालायची.

विद्यार्थ्यांशी एकेकट्यानं बोला. घोळक्यात पहिला जे बोलेल तेच सगळे बोलतात.

इथे थांबून एक हिशेब

समजा, एका मुलाचे महिन्याचे ३,००० रुपये आणि ६० ताटं, म्हणजे ताटाला ५० रुपये. त्यात कच्च्या मालाचा खर्च २५ धरू. भाडं, बाईंचा पगार आणि गॅसचा मोठा भाग ताट कमी झालं म्हणून वाचत नाही. दुपारी ६० जण येणं अपेक्षित आहे आणि नऊ खाडे आले. काकूंनी पूर्ण खाडा धरला तर नऊ गुणिले ५०, म्हणजे ४५० रुपये सोडावे लागतात आणि वाचतात २२५. रोज सव्वादोनशेचा तोटा. ज्या ॲपनं तोटा होतो त्यासाठी काकू पैसे देणार नाहीत.

मग तोडगा सुचतो: खाड्याला ५०ऐवजी १५ रुपयेच वजा करायचे. मुलाला काहीतरी मिळतं आणि काकूंना ताटामागे दहा रुपये सुटतात. कागदावर हे सुरेख जमतं. पण ‘काल किती ताटं धरली होती?’ या प्रश्नाचं उत्तर पुन्हा वाचा. काकू म्हणालेल्या असतात, ‘साठ पोरं असली तरी पंचावन्नाचाच स्वयंपाक करते.’ वर्षानुवर्षांच्या अंदाजानं त्या पाच ताटं आधीच कमी करतात. म्हणजे तुमच्या आकड्यामुळे नव्यानं वाचतात फक्त चार ताटं, १०० रुपयांची. मुलांना द्यायचे नऊ गुणिले १५, म्हणजे १३५. पुन्हा रोज ३५चा तोटा. वजावट दहावर आणली तर दिवसाला दहा रुपये उरतात, महिन्याच्या २५ दिवसांचे अडीचशे. त्यात ॲपचं शुल्क कुठून निघणार?

पाठ्यपुस्तकी बाजार अभ्यासात हा आकडा सापडत नाही. तो काकूंच्या तोंडून आलेल्या एका वाक्यात असतो आणि तेवढ्यावर पावणेपाच लाख वाचतात. तुमच्या कल्पनेतही असा एक ‘आज तसंही काय करतात’ दडलेला असतो. फायदा मोजताना तो वजा केल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका.

त्याच नोंदींत बहुधा दुसरं दुखणंही दिसेल. कार्ड संपलं तरी मुलगा चार दिवस जेवत राहतो, गर्दीच्या वेळी ‘उद्या देतो काकू’ म्हणतो आणि एक दिवस खोली सोडून जातो. महिन्यात सहा मुलांची प्रत्येकी चार ताटं बुडाली तर २४ गुणिले ५०, म्हणजे १,२०० रुपये. हे नुकसान ज्यांचं, पैसेही त्याच देणार. कल्पना बदलायची तर आत्ता, जेव्हा बदलायला फक्त खोडरबर लागतो.

हातानं चालवून बघा: दोन मेस, चार आठवडे

आता ॲपचं काम तुम्ही स्वतः करायचं: खाड्याचा आकडा आणि संपलेल्या कार्डांची आठवण, दोन्ही. २०१५च्या सुमारास बेंगळुरूत डन्झो या घरपोच सेवेची सुरुवात व्हॉट्सॲपवर आलेली कामं माणसांनी पूर्ण करून देण्यातून झाली होती, ॲप नंतर आलं. (मागणी खरी असूनही प्रत्येक ऑर्डरमागचा खर्च भारी पडला तर काय होतं, हेही त्याच कंपनीत दिसलं. २०१७ साली गूगलची गुंतवणूक मिळालेली ही सेवा जानेवारी २०२५ मध्ये बंद पडली.)

लागणारं सामान: वेगळं सिम, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस, गूगल शीट आणि मेसच्या दारावर लावायचा एक छापील कागद. शीटमध्ये सात रकाने पुरतात: नाव, कार्ड सुरू झाल्याची तारीख, एकूण ताटं, झालेली ताटं, उरलेली ताटं, आलेले पैसे, शेवटची आठवण कधी पाठवली.

दिनक्रम असा. रात्री नऊला मुलांना निरोप: ‘उद्या दुपारी नसाल तर दु, रात्री नसाल तर रा एवढंच लिहा.’ फॉर्मची लिंक पाठवू नका. पहिल्या दोन दिवसांनंतर रोज लिंक उघडायला कुणी जात नाही, पण एक अक्षर टाइप होतं. सकाळी सातच्या आत काकूंना एक आकडा पोचला पाहिजे. कणीक मळून झाल्यावर आलेला आकडा काही कामाचा नाही: नऊ ताटं म्हणजे ताटाला चार धरून ३६ पोळ्या, साधारण किलोभर कणीक, आणि ती एकदा भिजवली की भिजवली. दुपारी मेस कार्डावरच्या खुणा बघून शीट भरायची. ज्याची पाच ताटं उरली त्याला आठवण आणि संपलेल्यांची यादी संध्याकाळी सहाच्या आत काकूंना.

ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये मुलींचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि त्यावरून मेसचं नाव खराब होतं. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगळा जातो. तिची मर्यादा २५६ जणांची आहे आणि तुमचा नंबर ज्यानं सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. ‘निरोपच आला नाही’ या तक्रारीचं कारण दहात नऊ वेळा हेच असतं. म्हणून दारावरच्या कागदावर नंबरसोबत ‘सेव्ह करून हाय पाठवा’ असं ठळक लिहा. या टप्प्यावर नाव आणि नंबर याखेरीज काहीही मागू नका, आणि हे कशासाठी घेतोय ते सांगून होकार घ्या. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३चा कायदा लक्षात ठेवून पहिल्या दिवसापासून ही सवय लावलेली बरी.

पहिल्या आठवड्याचे आकडे निर्णयासाठी धरू नका. नवेपणात सगळे उत्तर देतात. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात रोज किती जण स्वतःहून ‘दु’ पाठवतात, किती जणांनी न सांगता दांडी मारली आणि काकूंनी तुमचा आकडा मानला की आपला अंदाजच चालवला, हे मोजा. शेवटच्यासाठी काकूंच्या शब्दावर जाऊ नका, परातीतल्या पोळ्या मोजा.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी मुद्दाम आकडा पाठवू नका. साडेसातपर्यंत काकूंचा फोन आला, ‘अरे, आज किती आहेत?’, तर त्यांना त्या आकड्याची गरज लागली आहे. फोन आलाच नाही, तर चार आठवडे त्या तुमच्यासाठी हे करत होत्या.

पैसे मागा

इथे बहुतेकांची जीभ अडखळते, म्हणून वाक्य आधी पाठ करा: ‘काकू, पुढच्या महिन्यापासून याचे महिन्याला ५०० रुपये आहेत. आत्ता ३०० आगाऊ दिलेत तर तुमची जागा धरतो. नाही आवडलं तर महिन्याच्या आत सगळे परत.’ आणि यूपीआयचा क्यूआर पुढे करायचा. परतीची अट व्हॉट्सॲपवर लिहून द्या आणि मागितल्यास त्याच दिवशी परत करा.

पहिल्या दोन मेसशी तुमचं घरोब्याचं नातं झालेलं असेल, त्यांचे पैसे मोजू नका. ज्यांच्याकडे आधी फक्त बोलणं झालं होतं त्या आठ जणी आणि दोन पूर्ण अनोळखी, अशा दहांना विचारा. दहांपैकी एकीनंही दिले नाहीत तरी एवढ्यावरून बाजार शून्य आहे असं म्हणता येत नाही, हिशेबानं दर चारांत एक देणारी असू शकते. तीसजणींना विचारून एकही नाही, तर मात्र देणाऱ्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर असण्याची शक्यता फार थोडी. घासाघीस झाली तर तिला शुभशकुन समजा. ज्याला घ्यायचंच नसतं तो भाव करत नाही.

किती मेस लागतील?

दोन वर्षांत खर्च वसूल करायचा तर ४,७२,००० भागिले दोन, म्हणजे वर्षाला २,३६,०००. सर्व्हर, दुरुस्त्या आणि अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांबरोबर राहणं यासाठी दरवर्षी मूळ कामाच्या २० टक्के धरा: ८०,००० आणि त्यावर जीएसटी, ९४,४००. मेसवर जाऊन शिकवायला आणि फोन घ्यायला एक माणूस, महिना १८,०००, वर्षाचे २,१६,०००. बेरीज ५,४६,४००. एका मेसकडून वर्षाला ६,०००. म्हणजे ९२ मेस, त्याही बारा महिने न गळता. तुमचा स्वतःचा पगार यात धरलेलाच नाही.

आता दोन संध्याकाळी चालत पेठांमधल्या मेस मोजा. गल्लीतल्या पाट्या, जिन्यावरच्या चिठ्ठ्या, सगळ्या. वीस-पंचवीस ताटांच्या घरगुती मेसला ५०० रुपये जड जातात, त्या वेगळ्या लिहा. मोजून शंभर भरल्या तर जवळजवळ सगळ्यांनी घ्यायला हवं, आणि असं कुठल्याच धंद्यात होत नाही. तीनशे भरल्या तर दर तिघींत एक. हाही आकडा मोठाच आहे, पण तुमच्या पैसे मागण्याच्या निकालाशी तो ताडून बघता येतो. आकडा बसत नसेल तर खर्च कमी करायचा मार्ग आहे: गूगल शीटवर चालणारं साधं तयार साधन वापरून पहिल्या वीस मेस चालवा आणि खास ॲप पुढे ढकला.

पडदे कागदावर काढा

पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एकेक पडदा काढा किंवा फिग्मा या डिझाइनच्या साधनावर बोटानं पुढे सरकणारा नमुना करा, तो फुकट होतो. पाच जणांपुढे ठेवा, ‘आज कुणाचे पैसे थकलेत ते बघा’ एवढं सांगा आणि मदत करू नका. बोट कुठे अडतं ते लिहा. नमुना काकूंच्याच फोनवर दाखवा: तडा गेलेली काच, भरलेलं स्टोरेज, हाताला कणीक. तिथे कळतं की त्यांना सहा बटणं नकोत, लांबून दिसेल असा एकच मोठा आकडा हवा. आणि कदाचित हेही कळेल की त्यांना ॲप नकोच, सातचा निरोप पुरे. तसं असेल तर मुलांकडचं ॲप सोडून द्या, निम्मं कोटेशन तिथेच उतरतं.

रेघ पार झाली तर

‘कल्पना चोरतील’ या भीतीनं वरचं काहीच न करणारे खूप भेटतात. नुसत्या कल्पनेला प्रताधिकाराचं संरक्षण नसतं, आणि १९७०च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के)नुसार व्यवसायपद्धतीला पेटंटही मिळत नाही. पैसे देणाऱ्या मेसची यादी मात्र तुमच्याकडेच असते.

धोका दुसरीकडे आहे. १९५७च्या प्रताधिकार कायद्यानुसार बाहेरच्या डेव्हलपरनं लिहिलेल्या कोडचा पहिला मालक साधारणपणे तोच असतो, तुम्ही पैसे दिले असले तरी. हक्क लेखी करारानंच तुमच्याकडे येतो. करारात मुदत लिहिली नाही तर तो पाच वर्षांचाच धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरता. म्हणून सोर्स कोडसह सर्व हक्क, कायमचे, जगभरासाठी, असं स्पष्ट लिहून घ्या. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा आणि शेवटचा २० टक्के हप्ता कोड तुमच्या खात्यात आल्यावरच द्या.

प्ले स्टोअरचं खातं स्वतःच्या नावानं उघडा, एकदाच २५ डॉलर लागतात. ॲपलचे वर्षाला ९९ डॉलर सध्या वाचवा, मेसवाल्यांच्या हातात कुठले फोन आहेत ते तुम्ही पाहिलंच आहे. नव्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी (फक्त निवडलेल्या लोकांपुरती) करून घ्यावी लागते. ज्यांनी आगाऊ पैसे दिले त्या काकूंचे आणि चौथ्या आठवड्यातही नेमानं ‘दु’ पाठवणाऱ्या मुलांचे जीमेल पत्ते आत्ताच शीटच्या आठव्या रकान्यात लिहून ठेवा. बाराऐवजी पंधरा-सोळा घ्या, कारण चौदा दिवसांत दोघं-तिघं ॲप काढून टाकतातच.